मूल शिबिरास पाठविण्यापूर्वीं

(नभोवाणीवर केलेलें भाषण)

वार्षिक परीक्षा संपून मुलें घरीं बसलीं कीं आठ दिवसांच्या आंत घरोघर एक प्रकारचीं छापील पत्रकें येऊं लागतात. त्यांवर डोंगराचें चित्र असतें, दोराला लोंबकळणाऱ्या हसऱ्या मुलाचें चित्र असतें, आणि खालीं कार्यक्रम दिलेला असतो : पहाटे साडेपांचला उठणें, प्राणायाम, न्याहरी, गिर्यारोहण, नौकाविहार, हस्तकला, शेकोटी, रात्रीं दहा वाजतां दिवे मालविणें. शेवटीं वर्गणीचा आंकडा. हल्लीं तेंच पत्रक मोबाइलवर येतें. मजकुरांत फरक पडलेला नाहीं. मग घरांत दोन पक्ष होतात. वडील म्हणतात, पोरगें जरा बाहेर पडूं दे, धीट होईल. आजी म्हणते, एवढ्या उन्हांत परक्या मुलखांत लेकराला कशाला धाडतां ? आणि ज्याच्यासाठीं हा वाद चाललेला असतो तें मूल दाराआड उभें राहून सारें ऐकत असतें.

मी उभा जन्म शाळामास्तर. वीसेक उन्हाळे मीं मुलांना घेऊन शिबिरांत काढले. त्या अनुभवावरून मला जें सांगावयाचें आहे तें थोडक्यांत असें कीं, पत्रकावर दिवस छापलेला असतो, रात्र छापलेली नसते. कार्यक्रमांतील तासांची काळजी चालक बहुधा घेतातच, कारण त्या तासांकडे सर्वांचें लक्ष असतें. मुलांना इजा होते, तीं रडतात, हरवतात, किंवा एखाद्या वाईट माणसाच्या हातीं सांपडतात, तीं दोन कार्यक्रमांच्या मधल्या वेळांत : जेवणानंतरच्या रिकाम्या तासांत, नदीवर हातपाय धुण्यास गेलीं असतां, किंवा दिवे मालविल्यावर. तेव्हां घरच्यांनीं चौकशी करावयाची ती ह्या न छापलेल्या वेळांची.

शिबीर ही गोष्ट आपल्याकडे अगदींच नवी नव्हे. बेडन-पॉवेल यांनीं १९०७ च्या ऑगस्ट महिन्यांत इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळील ब्राउनसी बेटावर सुमारें वीस मुलांना तंबूंत ठेवून जो प्रयोग केला, त्यांतून बालवीर चळवळ निघाली, आणि ती थोड्याच वर्षांत भारतांत येऊन पोंचली. महाराष्ट्रांत १९४१ सालीं स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलानें शिबिरांतून पिढ्या घडविल्या. बाबा आमट्यांनीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सोमनाथ येथें भर मे महिन्यांत तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरविल्या. अशा शिबिरांस मुलगा जाई तेव्हां तें चालविणारा माणूस कोण, हें घरच्यांना बहुधा ठाऊक असे. आज शिबीर हा पुष्कळ ठिकाणीं धंदा झाला आहे. धंदा असणें हा दोष नव्हे. वाण्याचें दुकान हाही धंदाच आहे. परंतु दुकानांत आपण तांदूळ तळहातावर घेऊन पाहतों. येथें तसें पाहतां येत नाहीं, म्हणून विचारावें लागतें. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर केलें असून, असे खेळ चालविणाऱ्यांनीं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी केली पाहिजे असा त्यांत दंडक आहे. नोंदणीचें पत्र पाहावयास मागावें. मागितल्याचा ज्या चालकाला राग येतो त्याच्याकडे मूल पाठवूं नये. ह्याहून सोपी कसोटी मला ठाऊक नाहीं.

आतां एक गोष्ट सांगतों. तिच्यांत माझाही दोष आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं सह्याद्रींतील एका किल्ल्याखालच्या गांवांत आमचें शिबीर होतें. चाळीस मुलें, आम्ही चार शिक्षक. त्यांत सातवींतला एक मुलगा होता, अंगानें किरकोळ, पण मोठा बडबड्या. तिसऱ्या रात्रीं दोनच्या सुमारास त्याच्या शेजारच्या मुलानें मला हालवून उठविलें. "सर, तो बघा कसें करतो आहे." जाऊन पाहतों तों मुलगा गुडघ्यांवर हात टेकून बसलेला, खांदे वर चढलेले, आणि छातींतून शिटीसारखा आवाज येत होता. दोन शब्दांपुढें त्याला बोलवेना. त्याला दमा होता. तें त्याला ठाऊक होतें, त्याच्या आईला ठाऊक होतें. आम्हां चौघांना ठाऊक नव्हतें. शेकोटीच्या धुरानें तो त्या रात्रीं उसळला असावा.

त्याच्या आरोग्यपत्रकावर 'कांहीं आजार आहे काय ?' ह्या प्रश्नापुढें 'नाहीं' असें स्वच्छ अक्षरांत लिहिलेलें होतें. आईनें दम्याचा फवारा बरोबर दिला होता. पण तो पिशवीच्या तळाशीं, मोज्यांच्या जोडींत गुंडाळून, आणि 'कोणाला सांगूं नकोस, नाहीं तर सर परत पाठवतील' असें बजावून. पिशव्या आम्ही रात्रीं शेजारच्या खोलींत कुलूप घालून ठेवीत असूं, कारण पहिल्याच रात्रीं कोणाच्या तरी खाऊची चोरी झाली होती. तें मूल त्या कुलपाला आणि त्या बजावणीला, दोहोंना भिऊन तासभर अंधारांत तसेंच बसून राहिलें होतें. किल्ली ज्यांच्या खिशांत होती ते शिक्षक अंगणाच्या दुसऱ्या टोकाला निजलेले. किल्ली, कुलूप, चाळीस पिशव्यांतून त्याची पिशवी, तिच्या तळाचे मोजे : हें सारें एका विजेरीच्या उजेडांत. फवाऱ्यानें थोडा उतार पडला. मग गांवांतल्या एका शेतकऱ्यानें आपली जीप काढली, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्याला प्राणवायु व औषधाची वाफ मिळाली. उजाडतां उजाडतां तो बोलूं लागला. पहिलें वाक्य तो बोलला तें असें : "सर, मीं सांगितलें म्हणून आईला सांगूं नका."

आईचें चुकलें हें खरें. परंतु आजार लिहिला तर प्रवेश मिळणार नाहीं, अशी तिची समजूत कोणी करून दिली ? आणि चाळीस पत्रकें गोळा करून मीं तीं एका फायलींत घातलीं, एकाही घरच्या माणसाला समोर बसवून विचारलें नाहीं, हें माझें चुकलें. त्या वर्षापासून मीं एक रीत पाडली. निघण्यापूर्वीं प्रत्येक मुलाच्या आईशीं किंवा वडिलांशीं पांच मिनिटें बोलावयाचें, आणि 'आजार आहे का ?' असें न विचारतां 'गेल्या वर्षभरांत कोणतें औषध दिलें ?' असें विचारावयाचें. पहिल्या प्रश्नाला 'नाहीं' म्हणून सुटतां येतें. दुसऱ्याचें उत्तर देतांना माणूस आठवूं लागतो, आणि आठवूं लागला कीं खरें सांगतो.

म्हणून, श्रोतेहो, दमा, फिट, मधुमेह, अमुक खाल्लें कीं अंगावर गांधी उठणें, झोंपेंत चालणें, अंथरूण ओलें होणें, जें असेल तें लिहून द्या. औषध कोणाच्या हातीं राहणार आणि रात्रीं तें मुलापासून किती पावलांवर असणार, हें विचारून घ्या. दम्याचा फवारा मुलाच्या उशाशींच हवा. आणि मुलाला एक गोष्ट घरींच पक्की सांगा : शिक्षकाला मध्यरात्रीं उठविण्याची तुला पूर्ण परवानगी आहे. आपल्या मुलांना मोठ्या माणसांची झोंप मोडणें हा अपराध वाटतो. तो संस्कार एरव्हीं चांगला असला तरी येथें घातक आहे.

रात्रीचा दुसरा प्रश्न : मुलें कशावर निजतात ? जमिनीवर सतरंजी टाकून ओळीनें निजण्यांत मौज आहे, आणि मीही वर्षानुवर्षें तसाच निजलों. परंतु मण्यार हा साप रात्रीं हिंडतो, जमिनीवर निजलेल्यांना चावतो, आणि त्याच्या दंशाची जागा पुष्कळदां दुखतही नाहीं कीं सुजतही नाहीं. पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होतात, तेव्हां कोठें संशय येतो. म्हणून खाट पाहिजे. ती नसेल तर निदान चारी बाजूंनीं अंथरुणाखालीं नीट खोंचलेली मच्छरदाणी. कोंकणांत आणखी लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनीं त्याच्या दंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून त्यानें होणारे मृत्यु फार कमी झाले. पण तें औषध वेळेवर मिळालें पाहिजे. तें आणि सर्पदंशावरील प्रतिविष जवळच्या कोणत्या रुग्णालयांत आहे, तेथें पोंचण्यास किती मिनिटें लागतात, आणि शिबिराच्या दाराशीं रात्रभर कोणतें वाहन उभें असतें, ह्या तीन गोष्टी चालकाच्या जिभेवर हव्यात. 'तशी वेळ आमच्याकडे येत नाहीं' हें उत्तर नव्हे.

निजण्याच्या जागेसंबंधीं आणखी एक प्रश्न आहे. तो विचारावा असें अलीकडेपर्यंत माझ्याही मनांत आलें नव्हतें. पाणी चढलें तर मुलें जाणार कोठें ? ४ जुलै २०२५ रोजीं, पहाट होण्यापूर्वीं, अमेरिकेच्या टेक्सास राज्यांत ग्वादालूप नदीला अचानक पूर आला. तिच्या कांठीं मुलींचें एक शिबीर १९२६ पासून चालत आलें होतें. एकेका घरांतील आजी, आई व नात तेथें राहून गेलेल्या. त्या रात्रीं त्या शिबिरांतील मुली व त्यांची देखरेख करणाऱ्या तरुणी मिळून २७ जणी प्राणांस मुकल्या. निजण्याच्या कांहीं खोल्या पूररेषेच्या आंत होत्या. जुनें, नांवाजलेलें शिबीर म्हणजे उंचावरचें शिबीर नव्हे.

आपल्याकडे मे महिन्यांत नद्या आटलेल्या असतात म्हणून निर्धास्त राहूं नये. धरणाखालच्या पात्रांत सोडलेलें पाणी ऋतु पाहत नाहीं. ८ जून २०१४ रोजीं हिमाचल प्रदेशांत बियास नदीच्या पात्रांतील दगडांवर उभे राहून छायाचित्रें काढणारे हैदराबादचे २४ विद्यार्थी लारजी धरणांतून सोडलेल्या पाण्यानें वाहून गेले. पाण्यांत उतरावयाचें असें त्यांच्या कार्यक्रमांत कोणी लिहिलें असेल असें मला वाटत नाहीं. मधला वेळ होता, नदी सुंदर होती. आणि जेथें कार्यक्रमांतच नौकाविहार असतो तेथेंही डोळे उघडे हवेत. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका दगावल्या. नावेंत क्षमतेहून अधिक मुलें बसविलीं होतीं, आणि त्यांतील पुष्कळांच्या अंगांत तरंगतीं जाकिटें नव्हतीं. तेव्हां चालकाला विचारावें : पाण्याजवळ मुलें असतांना डोकीं कोण मोजतो, किती वेळानें मोजतो, आणि त्या माणसाला स्वतःला पोहतां येतें का ? शेवटच्या प्रश्नावर हसूं येईल. मला स्वतःला तो पहिल्यांदा विचारला गेला तेव्हां आलें होतें. मला त्या वेळीं पोहतां येत नव्हतें.

उन्हाविषयीं फार सांगत बसत नाहीं. तें आजीला माझ्याहून अधिक कळतें. चढ पहाटे सुरू व्हावा, अकरानंतर मुलें सावलींत असावींत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून पेय करणें मुलाला घरींच एकदां शिकवून ठेवा. वैशाखांत दुपारनंतर वळीव येतो, आणि वीज कोसळते ती उघड्या माथ्यावर. तेव्हां दुपारीं मुलें किल्ल्याच्या माथ्यावर राहणार असतील तर तो कार्यक्रम चुकीचा आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलेलें 'दामिनी' हें साधन मोबाइलवर विजेची सूचना देतें. तें चालकाच्या मोबाइलवर आहे किंवा कसें, एवढें विचारल्यानें मनुष्य किती सावध आहे तें कळून येतें.

एक विषय असा आहे कीं त्यावर आमच्या पिढीनें कधीं तोंड उघडलें नाहीं. मुलांचें शरीर, आणि त्याला वाईट हेतूनें हात लावणारा माणूस. असा माणूस कपाळावर लिहून येत नाहीं. तो बहुधा मुलांचा आवडता असतो, गोष्टी सांगणारा, खाऊ देणारा. म्हणून माणसाच्या चांगुलपणावर न विसंबतां व्यवस्था पाहावी. मुलींच्या निवासांत रात्रीं स्त्री-शिक्षिका आहे का ? एकाच मोठ्या माणसानें एकाच मुलाला घेऊन एकांतांत जावयाचें नाहीं, असा नियम आहे का ? न्हाणीघराला आंतून कडी आहे का ? मुलाला सांगावें कीं, 'हें कोणाला सांगूं नकोस' असें जो मोठा माणूस म्हणेल, त्याचीच गोष्ट प्रथम सांगावयाची. (आणि मग आपणच दम्याची गोष्ट लपवावयास शिकवूं नये.) २०१२ च्या कायद्यानें अशा अपराधाची माहिती ज्याला असेल त्यावर ती पोलिसांना कळविण्याचें बंधन घातलें आहे, 'संस्थेचें नांव जाईल' ही सबब चालत नाहीं. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक मुलाला तोंडपाठ असावा.

आतां रडण्याविषयीं. पहिल्या दोन रात्रीं मुलें रडतात. पांघरुणांत तोंड घालून, आवाज न करतां. दिवसा हींच मुलें सर्वांत पुढें धांवत असतात. अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनें २००७ सालीं घराच्या ह्या ओढीवर एक अहवाल प्रसिद्ध केला. घरापासून दूर राहिलेल्या बहुतेक मुलांना ती थोडीबहुत लागतेच, असें त्यांत म्हटलें आहे. आणि आईबापांना एक सल्ला आहे तो मला फार पटला. 'नाहीं आवडलें तर फोन कर, लगेच घ्यावयास येतों' असें वचन मुलाला देऊं नये. आपल्या मनांत माया असते, पण मुलाला ऐकूं येतें तें निराळें : तुला हें जमेल असें आम्हांला वाटत नाहीं. माझ्या एका शिबिरांत दहा वर्षांची एक मुलगी असें वचन घेऊन आली होती. तिनें पहिल्या संध्याकाळपासून कार्यालयाच्या पायरीवर बैठक मारली. खेळ पाहिला नाहीं, डोंगर पाहिला नाहीं. तिचें सारें लक्ष त्या फोनकडे. तिसऱ्या दिवशीं वडील आले व तिला घेऊन गेले. पुढें शाळेंत ती मला पाहिलें कीं वाट बदलीत असे. तें मला अजून लागून राहिलें आहे.

ह्याला उपाय जुनाच आहे. पूर्वीं मुलें सुट्टींत आजोळीं जात, आणि आईवांचून निजणें तेथें शिकत. शिबिराच्या महिनाभर आधीं मुलाला आत्याकडे किंवा मावशीकडे दोन रात्री एकटें ठेवावें, आणि त्या दोन रात्रींत फोन करूं नये. हें कठीण आहे, मुलापेक्षां आईला कठीण. हल्लीं शिबिरांतून रोज संध्याकाळीं घरच्यांना छायाचित्रें पाठविण्याची चाल पडली आहे. चाळीस चेहऱ्यांत आपला चेहरा कडेला व गंभीर दिसला कीं घरांत कोणी जेवत नाहीं. त्या मुलाला कदाचित् फक्त तहान लागलेली असते ! मी म्हणेन, छायाचित्रें पाहूं नयेत असें नाहीं, पण त्यांवरून फोन करूं नये. मात्र दोन दिवस मूल जेवलें नाहीं, किंवा 'अमका मला त्रास देतो' असें त्याच्या तोंडून आलें, तर मग वचनाचा प्रश्न उरत नाहीं. उठून जावें, आणि वर्गणी बुडाली तर बुडूं द्यावी. ओढ आणि भीति ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अंथरूण ओलें करणाऱ्या मुलाला ह्या कारणासाठीं घरीं ठेवूं नका. आम्हांला आधीं कळलें असलें कीं आम्ही साडेअकराच्या सुमारास तीनचार मुलांना एकदम उठवून 'चला रे, अंधार आहे, मला सोबत करा' म्हणून बाहेर नेत असूं. हें कोणासाठीं चाललें आहे तें कोणाला कळत नसे.

सामानाविषयीं थोडेंच सांगतों. पिशवी मुलाला स्वतःला उचलतां आली पाहिजे, आणि ती भरतांना त्याचा हात लागला पाहिजे. आईनें भरलेल्या पिशवींत मुलाला कांहींच सांपडत नाहीं. बूट नवे देऊं नयेत. सकाळीं ते झाडून मगच पायांत घालावयाचे, ही संवय घरींच लावावी. अत्तर किंवा वासाचे फवारे देऊं नयेत. किल्ल्यांच्या कड्यांना आग्या मोहळें असतात, आणि उग्र वासानें व धुरानें त्या माशा उठतात. सोन्याची साखळी, महागाचें घड्याळ घरीं राहूं द्या.

मूल परत येईल तेव्हां काळें झालेलें असेल, आवाज बसलेला असेल, आणि तुमच्या प्रश्नांना 'छान होतें' ह्यापलीकडे उत्तर मिळणार नाहीं. त्याला जेवूं घाला आणि निजूं द्या. खरें तें चार-आठ दिवसांनीं बाहेर येतें, भाजी निवडतांना किंवा दिवा मालविल्यावर, तुम्ही विचारलेलें नसतांना. त्या वेळीं हातांतलें काम थांबवून ऐकावें. तोंवर पिशवी मात्र घरांत नेऊं नका. ती गच्चीवर किंवा अंगणांत उन्हांत उघडा. तळाशीं ओला टॉवेल हमखास असतो, आणि कोणा दुसऱ्याच मुलाचा एक मोजा.